पांढरं रेशनकार्ड आणि दुसऱ्याने भरलेला फॉर्म

मे संपता संपता आंब्याचे पैसे हातात येतात, मालवण-तारकर्लीचा सीझन आटोपतो, आणि नेमके तेव्हाच विमावाले दारात येतात. गिऱ्हाईक ठरलेलं: फोटोग्राफर, होमस्टेवाले, घरून डिझाइनचं काम करणारी पोरं. नोकरी नाही, त्यामुळे ना ईएसआय, ना कंपनीचा ग्रुप विमा.

सुरुवातही ठरलेली. "पांढरा कार्ड मां? मगे सरकारी योजनेत तुमका काय एक गावाचा नाय," म्हणजे काहीच मिळणार नाही. पूर्वी हे खरं होतं. २०२४ पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना पांढऱ्या कार्डालाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांना आयुष्मान कार्ड मिळतं, उत्पन्न कितीही असो. दोन्हीला पैसे पडत नाहीत. "कार्ड काढून देतो, पंधराशे द्या, ओटीपी सांगा" म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नये, चहाही देऊ नये.

कुडाळच्या एका व्हिडिओग्राफरच्या बाबतीत यातलं जवळजवळ सगळंच घडलं. एजंटाने ५ लाखांची खाजगी पॉलिसी दिली. फॉर्म स्वतःच्या मोबाइलवर भरला, शुगरच्या रकान्यात 'नाही' केलं ("हो म्हटलं तर प्रीमियम वाढतो"), ओटीपी मागून घेतला. प्रीमियम १५,००० होता. 'जीएसटी धरून' १७,७०० स्वतःच्या यूपीआयवर घेतले. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. कंपनीच्या पावतीवर १५,०००च होते, पण ती पावती उघडतो कोण?

आठ महिन्यांनी कोल्हापुरात अँजिओप्लास्टी. जुन्या केसपेपरवर डायबेटिस दिसला आणि माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारला. ओटीपी त्याचा, म्हणजे फॉर्मही त्याचाच. खरं लिहिलं असतं तर थोडा जास्त प्रीमियम आणि जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागलं असतं, एवढंच. त्याहून वाईट म्हणजे तेच हॉस्पिटल महात्मा फुले योजनेच्या यादीत होतं. पण योजना कॅशलेस आहे. बिल भरून झाल्यावर पैसे परत मागायची सोय तिच्यात नाही. दाखल होतानाच रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राच्या, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाच्या, टेबलावर जावं लागतं. यादीतलं हॉस्पिटल आणि यादीतलाच उपचार, दोन्ही जुळावे लागतात. योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर आधी विचारता येतं. ओपीडीचा खर्च योजनेत नाही.

म्हणून खाजगी पॉलिसी घेऊच नये असं नाही. यादीबाहेरचं हॉस्पिटल हवं असेल तर ती लागतेच. मात्र खोलीभाड्याची मर्यादा बघा. ती १ टक्का असेल, तर ५ लाखांच्या पॉलिसीत दिवसाला ५,०००. तुम्ही ८,००० ची खोली घेतलीत, तर वरचे ३,००० तुमचे. शिवाय सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांनाही त्याच प्रमाणात, म्हणजे तीन-अष्टमांशाची कात्री. हे खर्च १,२०,००० झाले तर कंपनी देणार ७५,०००. औषधं, इम्प्लांट, तपासण्यांना ही कात्री नाही. एजंट "फुल कव्हर" म्हणतो तेव्हा यातलं काहीच सांगत नाही.

प्रीमियम फक्त कंपनीच्या खात्यात भरा. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस परत करता येते; त्या दिवसांत सोबतची फॉर्मची प्रत काढून आजारांचे रकाने स्वतः वाचा. चूक दिसली तर एजंटाला फोन नको, कंपनीला ईमेल करा.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल आहे, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारींसाठी. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. कुडाळच्या त्या माणसाकडे मात्र क्लेम नाकारल्यावर आठवड्यातच एक जण आला होता: "दहा टक्के द्या, पास करून देतो." आणणारा तोच एजंट.