पाइप गॅस, काही महिन्यांनंतर : मीटर चोख, बिल किचकट

गॅसबद्दल तक्रार नाही. ज्योत एकसारखी येते, सिलिंडर अर्ध्यात संपायची धास्ती गेली. लिहायचंय ते बिलाबद्दल, कारण कनेक्शन देताना ते कुणी समजावून सांगत नाही.

मीटर मोजतो ते आकारमान, म्हणजे किती घनमीटर गॅस आत आला ते. काही ठिकाणी दर थेट घनमीटरला असतो. तिथे चालू रीडिंगमधून मागचं वजा केलं, दराने गुणलं की झालं. पण अनेक ठिकाणी पैसे उष्णतेचे लावतात, आणि घनमीटरचे किलोवॅट-तास होताना माणूस गोंधळतो. एका घनमीटर गॅसमधून किती उष्णता मिळते, त्या आकड्याला उष्मांक मूल्य म्हणतात. नैसर्गिक वायूसाठी ते साधारण ३८ ते ४० मेगाज्यूल असतं, पण गॅस कुठून आला त्यावर थोडं बदलतं. समजा २० घनमीटर वापरला आणि उष्मांक मूल्य ३९.५ आहे. गुणाकार ७९० मेगाज्यूल. एक किलोवॅट-तास म्हणजे ३.६ मेगाज्यूल, म्हणून ३.६ ने भागलं की सुमारे २१९ किलोवॅट-तास. तापमान आणि दाबानुसार गॅस फुगतो-आकसतो, म्हणून काही बिलांत आणखी एक दुरुस्ती गुणक असतो. ब्रिटनमध्ये तो १.०२२६४ आहे, तो धरला तर वरचा आकडा २२४ च्या पुढे जातो. हे गणित बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं असतं. एकदा कॅल्क्युलेटर घेऊन बसा, ताळा जमतो.

खरी मेख अंदाजे रीडिंगची. मीटर बघायला कुणी आलं नाही की सरासरीवर बिल निघतं. अंदाज कमी धरला गेला तर पुढच्या खऱ्या रीडिंगला उरलेला सगळा गॅस एकदम अंगावर येतो. दर टप्प्यांचे असतील तर त्यातला काही भाग महागड्या टप्प्यात ढकलला जाऊ शकतो. अशा वेळी बिलाचा कालावधी बघा आणि टप्प्यांची मर्यादा त्या दिवसांच्या प्रमाणात वाढवली आहे का ते विचारा. मी आता रीडिंगचा फोटो स्वतःच पाठवतो. काळे आकडे पूर्ण घनमीटरचे, लाल दशांशाचे. लाल सहसा पाठवायचे नसतात.

स्थिर आकार वेगळा. घर बंद असलं तरी तो लागतोच, त्यामुळे वापर शून्य असूनही बिल शून्य येत नाही. मला हे पटत नाही, पण हिशेबात चूक नाही.

वापर नेमका कुठे जातो ते बघायचं तर गिझरकडे बघा. १५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला जवळजवळ १.६ मेगाज्यूल लागतात, वाया जाणारी उष्णता वेगळीच. आणि आकडा अकारण फुगलेला वाटला तर शेगडी-गिझर सगळं बंद करून मीटरच्या शेवटच्या लाल आकड्याकडे थोडा वेळ नजर ठेवा. तरीही तो सरकत असेल तर बिलाचा वाद नंतर घाला, आधी मुख्य कॉक बंद करून गळतीची तक्रार नोंदवा.