खालच्या दाढेच्या भुलीसाठी अ‍ॅस्पिरेटिंग कार्ट्रिज सिरिंज
खालची दाढ बधिर करायची तर ही सिरिंज (काचेच्या कार्ट्रिजमधलं औषध सोडणारी, मागे ओढून रक्त तपासता येणारी) आणि 27 गेजची लांब सुईच घ्यावी. आखूड सुई हाडापर्यंत पोचत नाही, ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणं, तिथेच फसतो. 20 ते 25 मिमीवर हाड लागायलाच हवं. न लागता औषध सोडलं तर ते पॅरोटिड ग्रंथीत (कानापुढची लाळग्रंथी) जाऊन चेहऱ्याची एक बाजू काही तास लुळी पडू शकते. औषध सोडण्याआधी अंगठ्याची कडी मागे ओढा; सुई रक्तवाहिनीत असेल तर काचेत रक्ताचा लाल धागा दिसतो. दिसला तर जागा बदला. मग दीड मिली, मिनिटभर, सावकाश. खोट एकच: हार्पूनचा काटा (दट्ट्याच्या टोकाचा) कार्ट्रिजच्या रबरात घट्ट रुतला नसेल तर ओढताना सुटतो आणि रक्त नसल्याचा खोटा दिलासा मिळतो. लातूर-परभणीच्या उन्हाळ्यात कार्ट्रिज टेबलावर पडू देऊ नका, उष्णतेनं औषधातलं अ‍ॅड्रेनलिन (भूल जास्त वेळ टिकवणारा घटक) खराब होतं.