दीड वर्ष गाडी उभी राहणार: रविवारी स्टार्ट मारायला सांगायचं, नीट झोपवून ठेवायची की कुणाला चालवायला द्यायची?

ऑनसाइट, पोस्टिंग, शिक्षण, काहीही असो, तुम्ही वर्ष-दीड वर्ष बाहेर चाललाय आणि खाली पार्किंगमध्ये हौसेने घेतलेली दोन दारांची गाडी आहे, विकवत नाही आणि घरचं कुणी तिला हात लावणार नाही. अशा वेळी सगळे एकच सल्ला देतात, "वॉचमनला सांग, रविवारी दहा मिनिटं स्टार्ट करून ठेवेल, काय होतंय!" होतं. मी तिन्ही प्रकार करून बसलोय, म्हणून हे लिहितोय. विकायचा चौथा पर्याय आहेच, त्यावर शेवटाकडे थोडं बोलू.

पहिला प्रकार, रविवारचा स्टार्ट. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, तेव्हा मी स्वतः दर रविवारी मास्क लावून खाली जायचो, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचो, आवाज ऐकून खूश व्हायचो आणि वर येऊन चहा घ्यायचो. अनलॉकनंतर गाडी मेकॅनिककडे गेली तर ऑइल भरायच्या झाकणाच्या आतून दुधाच्या सायीसारखा पांढरट थर, सायलेन्सरमधून गंजाचं तांबूस पाणी, आणि एवढं करून बॅटरी ती बसलेलीच. शेजारच्या विंगमधल्या एकांनी त्यांच्या कूपेची बॅटरी काढून घरात ठेवली होती आणि गाडीकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं, त्यांची पहिल्या सेल्फला सुरू झाली. तेव्हा जाम चिडलो होतो, नंतर कारण समजलं.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. गाडी रस्त्यावर पळत असली की ती वाफ मागून निघून जाते, पण दहा मिनिटांच्या आयडलिंगमध्ये, म्हणजे जागेवर उभी ठेवून इंजिन चालवण्यात, मागचा सायलेन्सर तापतच नाही, त्यामुळे बरीचशी वाफ आतल्या आत थंड होऊन पाणी बनते आणि पुढच्या रविवारपर्यंत तिथंच बसते. मोठं इंजिन दहा मिनिटांत पाव लिटरच्या आसपास पेट्रोल पितं, म्हणजे दर आठवड्याला जवळजवळ पेलाभर पाणी तुम्ही स्वतःच्या हाताने तयार करताय. थोडी वाफ पिस्टनच्या बाजूने खाली ऑइलमध्येही उतरते, तीच ती साय. शिवाय थंड इंजिनला पेट्रोल जास्त सोडलं जातं आणि त्यातलं न जळलेलं सिलेंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन नेतं. काटा मधोमध आला म्हणजे इंजिन तापलं असं आपल्याला वाटतं, पण तो काटा कूलंटचा असतो, ऑइल त्याच्या बरंच मागे असतं आणि त्यातलं पाणी उडायचं तर नीट वीस-तीस मिनिटं रस्त्यावर चालवायला लागतं. बॅटरीचं म्हणाल तर सेल्फ मारायला आणि आठवडाभर उभं राहण्यात जेवढी वीज जाते तेवढी दहा मिनिटांच्या आयडलिंगवर धड परत भरत नाही. आणि टायर, ब्रेक, क्लच, गिअरबॉक्स यांना तर यातून काहीच मिळत नाही, गाडी जागची हललेलीच नसते.

म्हणून माझं मत सरळ आहे, तिन्हीमध्ये हा प्रकार सगळ्यात वाईट, काहीच न करण्यापेक्षाही वाईट. चालवायची तर धड चालवा, नाहीतर हात लावू नका.

दुसरा प्रकार, झोपवून ठेवणं. हे मी पुढे चौदा महिने बाहेर होतो तेव्हा केलं. तयारीला दोन दिवस गेले आणि खर्चही झाला, पण परत आल्यावर इंजिनचं काहीच काम निघालं नाही. जे निघालं ते वेगळंच होतं, सांगतो.

बॅटरीचा हिशोब आधी. गाडी लॉक करून ठेवली तरी अलार्म, रिमोटचा रिसीव्हर वगैरे थोडी वीज खातच असतात, समजा ३० मिलीअँपिअर. दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर झाले, म्हणजे ७० अँपिअर-अवरच्या बॅटरीतली निम्मी वीज ४८ दिवसांत खलास. आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्धी रिकामी राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो, मग चार्ज करूनही ती पहिल्यासारखी होत नाही. पार्किंगमध्ये प्लग असेल तर मेन्टेनर लावा, साधा चार्जर नाही, भरल्यावर आपोआप थांबणारा. प्लग नसेल, आणि आपल्याकडे सोसायटीत बहुतेक नसतोच, तर बॅटरी काढून घरी ठेवा आणि घरच्यांना दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करायला सांगा, तेवढं आईपण करू शकते. यात एक गोची आहे. फ्रेम नसलेल्या काचांच्या गाड्यांत दार उघडताना काच आपोआप थोडी खाली येते. बॅटरी नसेल तर ती येत नाही आणि तुम्ही दार ओढलं की काच रबराला घासते. माझं डावीकडचं रबर असंच गेलं. काचा आधीच बोटभर खाली घ्या आणि वरून कव्हर घाला. ज्या गाड्यांची बॅटरी पुढच्या बॉनेटखाली असून बॉनेट विजेवर उघडतं, म्हणजे बऱ्याच पोर्शे, तिथे बॅटरी उतरली की बॉनेटच उघडत नाही, त्याची आपत्कालीन सोय कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये जायच्या आधी बघून ठेवा.

पेट्रोलवरून लोक खूप भांडतात, टाकी फुल ठेवायची की रिकामी. मी फुल ठेवली, स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव्य, घालून, आणि मग वीस मिनिटं फिरवून आणली म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचतं. टाकी भरलेली असली की वर हवा कमी, हवा कमी म्हणजे दमटपणा कमी. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचे पाइप आणि सील या मिश्रणासाठी बनवलेले नाहीत, म्हणून माझ्यासारखी जुनी गाडी असेल तर शेवटची टाकी इथेनॉल नसलेल्या पेट्रोलची मिळते का ते पंपावर विचारा, महाग पडेल पण एकदाच भरायची आहे.

ऑइल जाण्याच्या आधी बदलायचं, आल्यावर नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये अ‍ॅसिड आणि ओलावा साठलेला असतो आणि तो बेअरिंगला चिकटून दीड वर्ष बसतो. ब्रेक फ्लुइडही पाणी शोषतं. डॉट ४ या नेहमीच्या प्रकाराचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश असतो, पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश, घाटातून उतरताना हा फरक पायाला कळतो, त्यामुळे ते आल्यावर बदला. हँडब्रेक अजिबात लावून जाऊ नका, पॅड डिस्कला चिकटतात. गाडी गिअरमध्ये, चाकांना विटा.

टायरमध्ये ४५ पीएसआयपर्यंत हवा, पण टायरच्या बाजूवर कोरलेल्या कमाल आकड्याच्या आत. स्पोर्ट्स टायरचं रबर मऊ, बाजूची भिंत बुटकी, एकाच जागी वजन राहिलं की खालचा भाग सपाट होतो. काही जण गाडी घोडीवर, म्हणजे खालून उचलून धरणाऱ्या स्टँडवर, चढवतात, पण चाकं लटकती ठेवली तर सस्पेन्शन पूर्ण खाली येऊन त्यातल्या रबरी बुशांना पीळ बसतो आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे चकचकीत रॉड उघडे पडून गंजतात, तेव्हा आपल्या दमट हवेत मी तरी ते करणार नाही.

आता ते वेगळंच निघालेलं. बुरशी आणि उंदीर. पुण्यात असून पावसाळ्यात सीटच्या लेदरवर हिरवट बुरशी, स्टिअरिंगवर पांढरी. मुंबई-कोकणात तर याच्या दुप्पट धरा, वर खारी हवा. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत वाफ कोंडते, हवा खेळणारं कापडी घ्या. अमेरिकेत टल्सा शहरात १९५७ मध्ये एक कोरी प्लिमथ बेल्व्हडिअर प्लास्टिकमध्ये गुंडाळून जमिनीखालच्या काँक्रीटच्या तळघरात ठेवली होती, पन्नास वर्षांनी उघडून बघू म्हणून. २००७ मध्ये उघडलं तर तळघरात पाणी शिरलेलं आणि गाडी म्हणजे गंजाचा ढीग. आपल्याला पन्नास वर्षं लागणार नाहीत, खालच्या बेसमेंटला एक पावसाळा पुरतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने गाड्या वाहून नेल्या. त्यामुळे जागा निवडताना सीसीटीव्ही वगैरे नंतर, आधी ती किती उंचावर आहे ते बघा.

उंदराने एअर फिल्टरच्या डब्यात घर केलं होतं, टिश्यूपेपर आणि शेंगदाण्याच्या टरफलांचं, अगदी टू बीएचके. बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवतात बरेच जण, मीही ठेवली होती, त्याच्या शेजारीच त्याने घर बांधलं. डांबराच्या गोळ्या आत टाकू नका, वास सहा महिने जात नाही. एअर इनटेक आणि सायलेन्सरची तोंडं स्टीलच्या जाळीने बंद करा आणि त्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा, नाहीतर तुम्हीच विसराल. सॉफ्टटॉप, म्हणजे कापडी छताची गाडी, असेल तर छताच्या पाण्याच्या मोऱ्या साफ करून घ्या. गुलमोहराच्या बारक्या पानांनी त्या तुंबतात आणि पाणी सीटखाली उतरतं. पोर्शेच्या जुन्या बॉक्सस्टरमध्ये अलार्मचा कंट्रोल युनिट नेमका सीटखाली आहे, पाणी तिथे पोचलं की गाडी सुरूच होत नाही.

तिसरा प्रकार, कुणाला तरी चालवायला देणं. कागदावर हा सगळ्यात भारी आहे, त्यात वाद नाही. पंधरा दिवसांतून एकदा चाळीस मिनिटं, हायवेला, एसी लावून, आणि वर जे जे लिहिलं त्यातलं जवळजवळ सगळंच टळतं. ऑइल तापतं, डिस्क घासून स्वच्छ होतात, टायर फिरतात, एसीच्या कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळतं, उंदराला शांतता मिळत नाही. मी त्यानंतरच्या सात महिन्यांच्या ट्रिपला मित्राकडे दिली. पहिले दोन महिने तो दर दुसऱ्या रविवारी लोणावळ्यापर्यंत जाऊन फोटो पाठवायचा. तिसऱ्या महिन्यात मला ई-चलान आलं, ओव्हरस्पीडिंग, मोबाइल नंबर माझाच ना. चौथ्या महिन्यात त्याला मुलगी झाली आणि गाडी जी उभी राहिली ती उभीच राहिली, फरक एवढाच की आता ती बॅटरी लावलेली, हँडब्रेक ओढलेला, अर्ध्या टाकीवर, म्हणजे झोपवायची तयारी न करता उभी होती. त्याला काय बोलणार, बाळ झालं होतं माणसाला. पुढच्या बंपरचा ओरखडा मी अजून काढलेला नाही.

म्हणून हा पर्याय घेताना प्रश्न एकच विचारा, माझ्याकडे असा माणूस आहे का की जो माझी गाडी नसती तरी दर पंधरा दिवसांनी गाडी चालवायला बाहेर पडलाच असता? असा माणूस असेल तर डोळे मिटून द्या, पेट्रोल आणि एखादी सर्व्हिस तुमच्याकडून. "हो हो, मी मारेन अधूनमधून चक्कर" म्हणणारा मेव्हणा असेल तर झोपवा. चालवायला दिली तर पीयूसी आणि इन्शुरन्स दोन्ही चालू लागतात. इन्शुरन्स तसा झोपवलेल्या गाडीचाही बंद करू नका, आग, चोरी, पूर उभ्या गाडीलाही गाठतात, आणि पॉलिसी संपून ९० दिवस गेले की साठवलेला नो क्लेम बोनस शून्य होतो.

दिवसांचा हिशोब माझ्यापुरता असा. महिनाभर असेल तर काही करू नका, टाकी भरा, हँडब्रेक सोडा आणि जा. दोन-तीन महिने, बॅटरीची सोय करा, बाकी विशेष नाही. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत, खात्रीचा माणूस असेल तर तिसरा प्रकार, नसेल तर दुसरा. दोन वर्षांच्या वर परत कधी येणार हे नक्की नसेल तर विका. चार वर्षं उभी राहिलेली आणि मीटरवर फक्त नऊ हजार किलोमीटर असलेली गाडी विकताना जाहिरातीत छान दिसते, पण जाणकार गिऱ्हाईक आधी टायरचा चार आकडी कोड बघतो, १४२१ म्हणजे २०२१ सालचा चौदावा आठवडा, आणि तिथून भाव पाडायला सुरुवात करतो. २०१५ मध्ये पॅरिसला धुळीने माखलेली एक फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर दीड कोटी युरोच्या वर गेली, पण ती एकेकाळी फ्रेंच नट अलँ दलाँची होती, आपल्या गाड्यांवर धूळ बसली तर फक्त धुवायचा खर्च वाढतो.

झोपवलेली गाडी उठवताना घाई नको. आधी चिठ्ठी वाचून जाळ्या काढा, एअर फिल्टरचा डबा उघडून बघा, ऑइलची पातळी बघा, बॅटरी पूर्ण भरून मगच जोडा, गाडीखाली कुठे थेंब पडलेत का ते वाकून बघा. टायरमधली जास्तीची हवा कमी करा. सुरू झाल्यावर जागेवर रेझ करू नका, तापमान येईपर्यंत तशीच राहू दे आणि मग हळू निघा. ब्रेक पहिल्या एक-दोन किलोमीटरला खरखर करतील, डिस्कवरचा वरवरचा गंज असतो, रिकाम्या रस्त्यावर चार-पाच वेळा दाबले की जातो. स्टिअरिंग थरथरेल, ती टायरची सपाट जागा. वीस-एक किलोमीटर चालून टायर तापले की बहुतेक वेळा थरथर थांबते, त्यानंतरही राहिली तर चारही टायरचे पैसे बाजूला काढा.