‘दहा मिनिटांत जमा’ हे मीच लिहिलं होतं

स्वस्तात जेम्स (गेममधलं चलन) देणाऱ्या एका विक्रेत्यामुळे माझे पाच हजार रुपये गेले आणि दोन वर्षं सांभाळलेलं अकाउंट बंद पडलं. गाचा गेम (ज्यात पात्रं नशिबाने मिळतात तो) खेळणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून सविस्तर लिहितेय.

गेम फुकट आहे. मी रोज डेली, म्हणजे रोजची ठरलेली कामं, करायचे, इव्हेंट चुकवायचे नाही. पण आमच्या गेममध्ये फाइव्ह-स्टार, म्हणजे सगळ्यात दुर्मीळ, पात्र निघायची शक्यता एका पुलला (जेम्स खर्चून काढायच्या एका सोडतीला) ०.६ टक्के. ९० पुलना एक हमखास मिळतं, तेही हवं तेच मिळेल असं नाही, तिथे फिफ्टी-फिफ्टी. हरलात की पुन्हा ९० पर्यंतची वाट. मी तीन महिने जमवलेले पुल्स लावले आणि फिफ्टी-फिफ्टी हरले. बॅनर, म्हणजे ते पात्र मिळायची मुदत, संपायला चार दिवस उरले होते. नेमक्या अशाच वेळी ग्रुपवर स्वस्तात जेम्स विकणाऱ्यांचे मेसेज येतात.

७,९०० रुपयांचं जेम्सचं पॅक ४,५०० ला. सोबत वीस-पंचवीस खेळाडूंचे स्क्रीनशॉट: ‘जेन्युइन आहे’, ‘लगेच आले’. मी घाबरत विचारलं, तर उत्तर शुद्ध मराठीत: ‘ताई, आधी छोटं घेऊन बघा, मग विश्वास ठेवा.’ ५०० चं घेतलं. लॉगिन मागितलं, ओटीपी मागितला, दहा मिनिटांत जेम्स जमा. लगेच त्याचा मेसेज, ‘ताई, दोन ओळी लिहा ना आमच्यासाठी.’ मी मनापासून लिहिलं. दुसऱ्या दिवशी ४,५०० पाठवले. तेही जेम्स आले, पात्रही मिळालं.

तीन आठवड्यांनी सकाळी गेम उघडला. वर कोपऱ्यात जिथे जेम्स दिसतात तिथे लाल अक्षरात उणे ६,११५.

सपोर्टचं उत्तर दोन ओळींचं होतं: खरेदीचा रिफंड झालेला आहे, उणे रक्कम भरेपर्यंत अकाउंट बंद राहील. मग या धंद्याची रीत कळली. ही मंडळी तुमच्या अकाउंटमध्ये शिरून पॅक पूर्ण किमतीलाच घेतात आणि नंतर स्टोअरकडून पैसे परत मागतात. कधी कार्डच चोरीचं असतं, मूळ मालक बँकेत तक्रार करतो आणि व्यवहार उलटतो. दोन्हींत जेम्सची वसुली तुमच्याकडून होते, कारण ते वापरलेत तुम्ही. उणे भरायचं तर तेच ७,९०० चं पॅक मला पूर्ण पैसे मोजून घ्यावं लागणार होतं. विक्रेत्याने तोवर ब्लॉक केलं होतं.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला, यूपीआयचा यूटीआर (व्यवहार) नंबर आणि चॅट दिलं. तक्रार नोंदली गेली, पण त्या खात्यातून पैसे कधीच पुढे गेले होते. त्याच दिवशी कळलं तर त्याच दिवशी फोन करा. रक्कम कुठल्या तरी खात्यात असेपर्यंतच ती गोठवता येते. आणि ओटीपी दिलेला असेल तर आधी पासवर्ड बदला, अकाउंटला जोडलेला ईमेल तपासा.

खेळाडूंची मतं वाचताना ती कधी लिहिली आहेत ते बघा. सगळी कौतुकं जेम्स हातात पडल्याच्या पहिल्या तासातली असतात. व्यवहार उलटतो तो नंतर, आणि तेव्हा माणूस शरमेने गप्प बसतो. मीही आठवडाभर गप्प होते.

त्या आठवड्यात आमच्या गिल्डमधल्या (गेममधल्या गटातल्या) बारावीतल्या एका मुलाने माझ्या दोन ओळी वाचून आईच्या फोनवरून १,५०० पाठवले. ‘ताईने लिहिलंय म्हणून घेतलं,’ असं त्याने आईला सांगितलं. ते पैसे मी त्या माऊलीला परत केले, तिच्याशी बोललेही.

माझी पोस्ट मी काढून टाकली आहे, पण तिचा स्क्रीनशॉट अजून त्या विक्रेत्याच्या जाहिरातीत फिरतोय: जांभळ्या केसांच्या तिरंदाजाचा डीपी, खाली ‘दहा मिनिटांत जमा, बिनधास्त घ्या’. तो कुठे दिसला तर ते माझंच आहे. त्यावर विश्वास ठेवून कुणीही पैसे पाठवू नका.