सेवारस्ता की एकाच बाजूने दुहेरी वाहतूक?
पुणे-बेंगळुरू महामार्गावरील सातारा-कागल सहापदरीकरणासारख्या कामात वाहतूक पूर्णपणे थांबवता येत नाही. त्यामुळे आराखडा ठरवणाऱ्या अभियंत्यापुढे बहुधा दोनच पर्याय उरतात: वाहने सेवारस्त्यावर, म्हणजे महामार्गाला लागून असलेल्या स्थानिक वाहतुकीच्या रस्त्यावर, उतरवायची, किंवा दुभाजक तोडून दोन्ही दिशांची वाहतूक एकाच बाजूने चालवायची.

सेवारस्त्यावर प्रत्येक दिशेची वाहने आपापल्या बाजूला राहतात, म्हणून समोरासमोर धडक होण्याची भीती कमी असते. मात्र कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव किंवा शिरोली येथे कारखान्याची पाळी सुटली, की पायी आणि दुचाकीवरून निघालेले कामगार थेट लांब पल्ल्याच्या कंटेनरच्या चाकांशेजारी येतात, आणि माझ्या मते या पर्यायातील सर्वांत मोठा धोका हाच आहे. शिवाय सेवारस्ता बहुधा अवजड वाहनांसाठी बांधलेला नसतो. पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत जुलैच्या पावसात त्याच्या कडा खचतात, आणि खड्डा चुकवू पाहणारा दुचाकीस्वार ट्रकपुढे येतो.

दुसऱ्या पर्यायात भक्कम मुख्य रस्ता वापरता येतो आणि गावची वाहतूक वेगळी राहते. चौपदरी रस्त्याच्या एका बाजूच्या सात मीटर रुंदीत प्रत्येक दिशेला साडेतीन मीटरची एकच मार्गिका मिळते, आणि समोरून येणाऱ्या वाहनापासून वाचवणारा केवळ मधला अडथळा असतो. प्लास्टिकचे बॅरिअर पाण्याने भरून एकमेकांना जोडलेले नसतील, तर ट्रकच्या धक्क्यासरशी ते बाजूला सरकतात. संध्याकाळी पलीकडे जाण्यासाठी कोणी एक बॅरिअर ओढून ठेवतो आणि ती फट रात्रभर तशीच राहते. म्हणून रात्रीच्या अवजड वाहतुकीसाठी येथे सलग काँक्रीटचा कठडाच हवा. रस्त्यावर ठेवायच्या प्लास्टिकच्या शंकूंवर भागवणे मला मान्य नाही. गळीत हंगामात दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर पुढे असेल, तर मागे रांग लागते आणि चालकांचा धीर सुटतो. त्यामुळे असा टप्पा लांबलचक ठेवू नये आणि ट्रॅक्टर बाजूला घेण्यासाठी मध्ये जागा सोडावी.

पूर्वसूचनेत मात्र दोन्हींना सवलत नाही. भारतीय रस्ते काँग्रेस (आयआरसी) या रस्ते-अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकानुसार ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन थांबवण्यासाठी १८० मीटर अंतर लागते. म्हणजे पहिला फलक त्याहून बराच आधी हवा, आणि त्यावरील परावर्तक पट्टी रोज सायंकाळी पुसायला हवी, कारण खडी-मुरुमाची धूळ बसलेला फलक रात्री दिसतच नाही.

मोकळ्या शिवारात मी काँक्रीटच्या कठड्यासह दुसरा पर्याय निवडेन. वस्तीजवळ उड्डाणपुलाच्या कामात मुख्य रस्ताच व्यापला जात असल्याने सेवारस्ता अटळ ठरतो. तेथे आधी त्यावर डांबराचा जाड थर द्यावा, गटारे मोकळी करावीत आणि पादचाऱ्यांसाठी कठडा घातलेली वेगळी वाट काढावी, मगच पहिले वाहन खाली उतरवावे.