ड्राफ्ट रूमचं परीक्षण: आरबी की डब्ल्यूआर, हे कुठे नीट ठरवता येतं?

फँटसी फुटबॉल म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याचा खेळ. स्लीपर, ईएसपीएन आणि याहू या तिन्ही ऑनलाइन ठिकाणी त्याची लीग फुकट चालवता येते आणि स्नेक ड्राफ्टही, म्हणजे दर फेरीला क्रम उलटवत पाळीपाळीने खेळाडू निवडणंही, नीट पार पडतो. त्यामुळे कुठली रूम, म्हणजे ड्राफ्टचं ऑनलाइन पान, दिसायला देखणी आहे, यावर हे परीक्षण नाही. इथे कसोटी एकच आहे. तुमची पाळी आली, यादीत वर एक रनिंग बॅक (आरबी, चेंडू घेऊन धावणारा) आणि एक वाइड रिसीव्हर (डब्ल्यूआर, पास झेलणारा) शेजारी शेजारी आहेत, तर त्या दोघांतून निवडायला ही रूम किती मदत करते आणि कुठे दिशाभूल करते?

दिशाभूल बहुतेक वेळा गुणपद्धतीतून सुरू होते. २०२४ च्या हंगामातले दोन खेळाडू घेऊ. फिलाडेल्फिया ईगल्सच्या सेक्वॉन बार्कलीने धावून २००५ यार्ड आणि १३ टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) केले. शिवाय ३३ झेल, २७८ यार्ड आणि २ टचडाउन. सिनसिनाटी बेंगल्सच्या जमार चेसने १२७ झेल, १७०८ यार्ड आणि १७ टचडाउन अशी तिन्ही आकड्यांत एनएफएलमध्ये पहिली कामगिरी केली. १० यार्डांना १ गुण आणि टचडाउनला ६ गुण या नेहमीच्या हिशेबाने, झेलाला काहीच न देणाऱ्या स्टँडर्ड लीगमध्ये बार्कलीचे ३१८.३ होतात आणि चेसचे २७२.८. प्रत्येक झेलाला १ गुण देणाऱ्या पूर्ण पीपीआरमध्ये बार्कली ३५१.३, चेस ३९९.८. झेलाला अर्धा गुण देणाऱ्या अर्ध्या पीपीआरमध्ये बार्कली ३३४.८ आणि चेस ३३६.३. (चेसच्या मोजक्या धावा आणि दोघांचे फंबल, म्हणजे हातून निसटलेले चेंडू, यात धरलेले नाहीत.)

खेळाडू तेच, हंगाम तोच. एका पद्धतीत आरबी सुमारे ४५ गुणांनी पुढे, दुसरीत डब्ल्यूआर जवळपास ४८ गुणांनी पुढे, तिसरीत दोघे बरोबरीत. म्हणून कुठल्याही रूममध्ये शिरल्यावर आधी लीगच्या सेटिंगमधला रिसेप्शनचा, म्हणजे झेलाच्या गुणाचा, आकडा बघायचा: ०, ०.५ की १. तो न बघता क्रमवारीवर विसंबणं ही या खेळातली सर्वांत महागडी सवय आहे.

ईएसपीएनची ठरावीक (डिफॉल्ट) लीग १० संघांची आणि पूर्ण पीपीआरची असते: दोन आरबी, दोन डब्ल्यूआर, एक फ्लेक्स (आरबी, डब्ल्यूआर वगैरे कुणालाही खेळवता येणारी जागा). याहूची ठरावीक पद्धत अर्धा पीपीआर. म्हणजे याहूवरचा एडीपी, खेळाडू सरासरी कितव्या निवडीला जातो तो आकडा, मुख्यतः अर्ध्या पीपीआरच्या लीगांमधून तयार होतो आणि ईएसपीएनचा पूर्ण पीपीआरच्या लीगांमधून. एका ठिकाणची यादी छापून दुसऱ्या ठिकाणी ड्राफ्टला बसलात, तर डेरिक हेन्रीसारखा बॅक तुम्ही चुकीच्या जागी शोधाल. २०२४ मध्ये हेन्रीने धावून १९२१ यार्ड काढले, पण झेल फक्त १९. असा बॅक स्टँडर्डमध्ये सोन्यासारखा, पूर्ण पीपीआरमध्ये दोन पावलं मागे. याच्या दुसऱ्या टोकाला २०१९ चा ख्रिश्चन मकॅफ्री: ११६ झेल, धावूनही हजार यार्ड आणि झेलूनही हजार यार्ड. ‘आरबी’ या एका शिक्क्याखाली हे दोन वेगळे खेळाडू आहेत. स्थानाचा फिल्टर लावून यादी बघताना अंदाजित झेलांचा रकाना उघडा ठेवा. तो दिसत नसेल, तर ड्राफ्टच्या आदल्या दिवशी स्वतःच्या कागदावर लिहून ठेवा.

गुणपद्धतीनंतर जागांचा हिशेब. १२ संघांची लीग, दोन आरबी, दोन डब्ल्यूआर, एक फ्लेक्स: दर आठवड्याला २४ आरबी, २४ डब्ल्यूआर आणि वर १२ फ्लेक्स मैदानात लागतात. डब्ल्यूआरच्या जागा तीन केल्या की मागणी ३६ वर जाते. पुरवठ्याची बाजू अशी की एनएफएलमध्ये संघ ३२, आणि एका वेळी मैदानावर बहुधा एकच बॅक असतो, रिसीव्हर मात्र दोन-तीन. भरवशाचं काम मिळणारे बॅक त्यामुळे लवकर संपतात. दोन डब्ल्यूआरच्या लीगमध्ये रिसीव्हर मागच्या फेऱ्यांतही बरे मिळतात, म्हणून आरबीचं पारडं जड. तीन डब्ल्यूआर आणि पूर्ण पीपीआर असेल, तर ते उलटं होतं. तीन डब्ल्यूआर आणि अर्धा पीपीआर यात खरी ओढाताण असते. तिथे क्रमवारी बाजूला ठेवून फरक मोजावा लागतो.

फरक मोजण्याची पद्धत इथे थोडी सविस्तर, कारण रूमची खरी परीक्षा तिच्यावरच होते. समजा तुमची निवड आहे आणि समोरच्या आरबीचा अंदाज २५० गुण, डब्ल्यूआरचा २६५. पुढच्या पाळीचा क्रमांक काढा. एडीपी बघून तोवर कोण उरेल ते ठरवा. समजा तेव्हा मिळणारा चांगला आरबी १९५ चा असेल आणि डब्ल्यूआर २२५ चा. आज आरबी सोडला तर ५५ गुण जातात, डब्ल्यूआर सोडला तर ४०. म्हणून कमी अंदाज असलेला आरबी घ्यायचा. बेरीज करून बघा: आधी आरबी, मग डब्ल्यूआर म्हणजे ४७५, आधी डब्ल्यूआर, मग आरबी म्हणजे ४६०. खेळाडू किती गुणांचा, यापेक्षा त्याच्यामागची दरी किती खोल, हे महत्त्वाचं.

ही दरी दाखवण्यात स्लीपर सर्वांत पुढे आहे. अंदाजाचे आकडे सगळीकडे असतात, पण स्लीपरचा ड्राफ्ट बोर्ड रूमच्या मध्यभागी असतो: प्रत्येक संघाचा स्तंभ, प्रत्येक स्थानाला वेगळा रंग. कुठल्या संघाने काय घेतलं ते एका नजरेत कळतं. हा नुसता देखावा नाही. १२ संघांत तिसऱ्या जागेवरून तुमच्या निवडी ३, २२, २७, ४६, ५१ अशा येतात. ३ ते २२ मध्ये इतरांच्या १८ निवडी होतात. तिथे एडीपीशिवाय आधार नाही. पण २२ आणि २७ च्या मध्ये फक्त चार निवडी, आणि त्या फक्त पहिल्या व दुसऱ्या जागेवरच्या संघांच्या. बोर्डवर ते दोन स्तंभ बघा. दोघांकडे आधीच दोन-दोन आरबी असतील, तर ते बहुधा रिसीव्हरकडे वळतील. मग २२ ला डब्ल्यूआर उचला, तुमचा आरबी २७ पर्यंत टिकण्याची शक्यता चांगली. दहाव्या जागेवर असाल तर निवडी १०, १५, ३४, ३९ आणि बघायचे स्तंभ अकरावा व बारावा. बाराव्या जागेवर हा डाव चालत नाही: १२ आणि १३ लागोपाठ, नंतर थेट ३६. तिथे प्रश्न दोघांतून एकाचा नसतो, जोडी कुठली याचा असतो, आणि एक आरबी एक डब्ल्यूआर ही जोडी सहसा सर्वांत कमी पश्चात्ताप देते.

स्लीपरचा दुसरा गुण म्हणजे मॉक ड्राफ्ट. संघसंख्या, जागा, गुणपद्धत, घड्याळ सगळं आपल्या लीगसारखं लावून संगणकाविरुद्ध सराव करता येतो. पण या सरावाची मर्यादा ओळखून राहा. संगणकाचे संघ एडीपीच्या आसपास निवड करतात. माणसं तशी करत नाहीत. चार बॅक लागोपाठ गेले की पाचवा माणूस घाबरून पुढचा बॅक दोन फेऱ्या आधी उचलतो. या झुंबडीला ‘रन’ म्हणतात. संगणकाच्या मॉकमध्ये ती क्वचितच होते, त्यामुळे ‘माझा आरबी चौथ्या फेरीत नेहमी मिळतो’ असा खोटा विश्वास बसतो. त्यावर उपाय: एकाच जागेवरून तीन मॉक करा, एकात पहिले दोन आरबी घ्या, एकात पहिले तीन डब्ल्यूआर, एकात एक आरबी आणि बाकी डब्ल्यूआर. मग फक्त सहाव्या-सातव्या फेरीअखेर संघातला दुसरा आरबी कोण निघाला, हे तीन संघांत ताडून बघा. पहिल्या फेरीचे सगळेच संघ छान दिसतात. भोक तिथे पडतं.

ईएसपीएनची रूम नवख्यांनी भरलेल्या लीगसाठी चांगली. माणसांशी होणारे मॉक सहज मिळतात, म्हणून झुंबड अनुभवायला हीच जागा. तोटा असा की पुष्कळ जण मधेच निघून जातात आणि उरलेल्या फेऱ्या ऑटोपिकवर, म्हणजे संगणकाच्या आपोआप निवडीवर, होतात. पहिल्या पाच-सहा फेऱ्यांपलीकडचा निकाल मनावर घेऊ नये. दुसरी अडचण म्हणजे यादी रूमच्या स्वतःच्या क्रमवारीनेच समोर येते, आणि लीगमधले निम्मे लोक तिच्यावरूनच निवडतात. ही गोष्ट उलट वापरता येते. तुमच्या हिशेबात वर असलेला बॅक तिथल्या यादीत बराच खाली असेल, तर तो आत्ताच घ्यायची घाई नको; रिसीव्हर घ्या आणि एक फेरी थांबा. ड्राफ्टआधी स्वतःची क्रमवारी भरून ठेवण्याची सोय आहे, ती जरूर वापरा. नेट गेलं तर ऑटोपिक निदान तुमच्या यादीतून तरी उचलेल.

याहूबद्दल कमी लिहावं लागतं, आणि ते कौतुकानेच. अर्धा पीपीआर हा आरबी आणि डब्ल्यूआर यांना सर्वांत न्याय्य तोल देतो. वर बार्कली-चेसच्या आकड्यांत ते दिसलंच. ज्यांना लीगमध्ये खरी चुरस हवी, त्यांनी रूम कुठलीही असो, सेटिंग याहूचं ठेवावं.

अंडरडॉग हा वेगळा प्रकार, बेस्ट बॉल. १८ फेऱ्या, अर्धा पीपीआर, दोन आरबी, तीन डब्ल्यूआर, एक फ्लेक्स, किकर नाही, डिफेन्स नाही. हंगामात काही बदलता येत नाही, दर आठवड्याला सर्वोत्तम गुण आपोआप मोजले जातात. इथे रिसीव्हर लवकर जातात आणि जायलाच हवेत: एखाद्या आठवड्यात ३० आणि पुढच्यात ४ करणारा रिसीव्हर नेहमीच्या लीगमध्ये डोकेदुखी, इथे मात्र त्याचे फक्त ३० च मोजले जाण्याची शक्यता जास्त. म्हणूनच या ठिकाणचा एडीपी घरच्या लीगला लावू नका. पुष्कळ जण ऑगस्टमध्ये नेमकं तेच करतात आणि मग बेंचवर सहा रिसीव्हर, मैदानात एकही धड बॅक नाही अशी अवस्था होते.

कुठलीच रूम एक गोष्ट नीट दाखवत नाही: दुखापत. अंदाजाचा आकडा जवळपास पूर्ण १७ सामने गृहीत धरतो. मकॅफ्री २०२० मध्ये तीन सामने खेळला, २०२४ मध्ये पहिल्या क्रमांकाचा मानला जात असताना चार. रिसीव्हर सुटतात असं नाही. जस्टिन जेफरसन २०२३ मध्ये दहाच सामन्यांत होता. पण कामाचं ओझं बघा. २०२४ मध्ये बार्कलीने १६ सामन्यांत ३४५ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली आणि ३३ झेल घेतले. चेसचे झेल १७ सामन्यांत १२७. बॅक जास्त वेळा आपटला जातो.

यावरूनच फँटसी लेखक शॉन सीगेलने २०१३ मध्ये मांडलेली झिरो आरबीची कल्पना आली: पहिल्या फेऱ्यांत रिसीव्हर भरा, बॅक मागून गोळा करा, आणि हंगामातल्या पडझडीचा फायदा घ्या. तिच्यामागचं कारण पक्कं आहे. बॅक जखमी झाला की त्याच्या बहुतेक धावा एकाच बदली खेळाडूकडे जातात. रिसीव्हर जखमी झाला की त्याच्याकडे येणारे पास तिघा-चौघांत वाटले जातात. तरी ही पद्धत दर आठवड्याला वेव्हरवर, म्हणजे कुणाच्याच संघात नसलेल्या खेळाडूंच्या यादीवर, लक्ष ठेवणाऱ्यांसाठीच आहे. २०२३ मध्ये रॅम्सचा कायरन विल्यम्स बहुतेक लीगमध्ये ड्राफ्टच झाला नव्हता. १२ सामन्यांत त्याने ११४४ यार्ड धावून काढले. मात्र त्याच संघाचा पूका नाकुआही तसाच मोकळा होता आणि नवखा असून १०५ झेल, १४८६ यार्ड घेऊन गेला. वेव्हरवर फक्त बॅकच मिळतात, हे त्यामुळे खरं मानू नका.

२०० डॉलरच्या काल्पनिक बजेटचा सॅलरी कॅप ड्राफ्ट, म्हणजे बोली लावून खेळाडू घेण्याचा प्रकार, ईएसपीएन आणि याहू दोन्हींत आहे. तिथे दोघेही पहिल्या फेरीचे खेळाडू घेता येतात, फक्त उरलेला संघ स्वस्तात भरावा लागतो. आरबी की डब्ल्यूआर हा वाद फारच छळत असेल, तर पुढच्या हंगामाला लीगमध्ये हा प्रकार सुचवून बघा.

स्नेकमध्ये राहिलात तर रूमच्या रांगेत, म्हणजे क्यूमध्ये, प्रत्येक पाळीआधी तीन नावं ठेवा: एक आरबी, एक डब्ल्यूआर आणि दोघेही गेले तर घ्यायचा तिसरा. रांग रिकामी आणि तुमची क्रमवारीही भरलेली नसताना घड्याळ संपलं, तर रूम स्वतःच्या क्रमवारीने निवडते. दहाव्या फेरीनंतर पाचवा-सहावा रिसीव्हर घेण्यापेक्षा एखाद्या जास्त धावणाऱ्या संघाचा दुसरा बॅक बेंचवर ठेवा, आणि बेंचच्या जागा पाचपेक्षा कमी असतील तर तोही नको. तो न खेळता जागा अडवेल आणि साधारण पाचव्या आठवड्यापासून बाय, म्हणजे संघांचे सुट्टीचे आठवडे, सुरू झाले की तुम्हाला त्यालाच सोडावं लागेल.