‘सगळे कपॅसिटर बदललेत’ म्हणून घेतलेला स्कोप

टेक्ट्रॉनिक्स ४६५ घ्यायचं माझ्या मनात फार दिवस होतं. १९७२ साली आलेला, दोन चॅनेलचा, १०० मेगाहर्ट्‌झचा स्कोप, म्हणजे ऑसिलोस्कोप: विजेच्या सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र. आजही नीट चालणारा मिळाला तर कामाला चोख. विकणाऱ्या गृहस्थांनी लिहिलं होतं, “पॉवर सप्लायचे सगळे कपॅसिटर नवे, कॅलिब्रेशन केलेलं.” सोबत चकचकीत नव्या कपॅसिटरचा फोटो आणि पडद्यावर सरळसोट स्क्वेअर वेव्ह. मी विश्वास ठेवला.

पहिली वीस मिनिटं सगळं छान. मग ट्रेस (पडद्यावरची रेघ) हलके हलके लाटांसारखा डुलायला लागला. ट्रिगर ‘लाइन’वर टाकला, म्हणजे पडद्यावरचं चित्र घरच्या विजेच्या तालावर धरलं, तर लाटा जागच्या जागी थांबल्या. म्हणजे सप्लायमधला रिपल, कपॅसिटरने गाळून टाकायला हवा होता तो व्होल्टेजचा चढउतार, तोही मेन्सच्या (घरच्या विजेच्या) दुप्पट फ्रिक्वेन्सीचा. गृहस्थांना कळवलं. ते अतिशय गोड बोलले: “बरीच वर्षं बंद होता हो. रोज थोडा वेळ चालवा, आठवड्याभरात बसेल.” मी चालवत राहिलो, आणि तेवढ्यात परत करायची मुदत संपली. खरी फसवणूक मला इथेच दिसते. कपॅसिटर सुकला असेल तर तो चालवून भरून येत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी त्यांच्या गोड बोलण्यापुढे मी गप्प बसलो.

शेवटी खोललं. (उघडण्याआधी प्लग काढा आणि थांबा; या स्कोपच्या पिक्चर ट्यूबला सुमारे १८ किलोव्होल्ट असतात, ते लगेच उतरत नाहीत.) जुने मोठे कॅन (डब्याच्या आकाराचे) कपॅसिटर जिथल्या तिथे! नवे फक्त बोर्डाच्या खालून जुन्यांच्याच पायांवर टेकवलेले. एका पायाला सोल्डर धड धरलंच नव्हतं, गरम झालं की सुटायचं. फोटो इतक्या जवळून का काढला होता ते तेव्हा उमगलं. फ्यूजही मागे छापलेल्या आकड्यापेक्षा जाड घातलेला. असा फ्यूज उडत नाही, त्याच्याऐवजी ट्रान्सफॉर्मर जळतो. याचा मला अजून राग येतो.

दुसरा चॅनेल तर फोटोत नव्हताच. कॅलिब्रेटरचे (तपासणीसाठी स्कोप स्वतःच देतो त्या सिग्नलचे) ३०० मिलिव्होल्ट ५० मिलिव्होल्टच्या रेंजवर सहा घरं दिसायला हवेत, दिसली जेमतेम चार. सगळ्या रेंजवर तेवढीच तूट, म्हणजे दोष अटेन्युएटरच्या (रेंजप्रमाणे सिग्नल कमी करणाऱ्या भागाच्या) पुढे, प्रीअँपमध्ये, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या पहिल्या भागात. आणि कॅलिब्रेटरची ती स्क्वेअर वेव्ह फक्त १ किलोहर्ट्‌झची. तिच्यावरून १०० मेगाहर्ट्‌झबद्दल काहीच कळत नाही.

तुम्ही घेत असाल तर सप्लायच्या प्रत्येक टेस्ट पॉइंटचं व्होल्टेज आणि रिपल मागा, तासभर चालू ठेवल्यानंतरचं. बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे पूर्ण फोटो मागा, काढलेले जुने कपॅसिटरही दाखवायला सांगा. ज्याने खरंच काम केलंय त्याच्याकडे ते बहुधा डब्यात पडलेले असतात. मी हे नंतर मागितलं, तेव्हापासून त्यांचं उत्तर नाही.

कॅन आता मी स्वतः बदललेत, ट्रेस स्थिर आहे. दुसऱ्या चॅनेलसाठी मात्र सुट्या भागांपुरता एखादा मेलेला ४६५ शोधतोय, कारण त्याच्या प्रीअँपमधले, कंपनीने स्वतःसाठी बनवलेले आयसी (चिप) बाजारात नवे मिळत नाहीत.